पुठ्ठ्यावरचा थेंब

आबांच्या गॅरेजमध्ये देवाच्या फोटोंपेक्षा तेलाचे डाग जास्त टांगलेले होते. नव्या शर्टाच्या घडीत पांढरा पुठ्ठा येतो ना, तसे पुठ्ठे ते शेजारच्या कापड दुकानातून मागून आणायचे. कोणतीही जुनी गाडी आली की आधी इंजिनमधली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिच्यावरचा एक थेंब पुठ्ठ्यावर सोडायचा आणि खाली गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहायचे. मग तो पुठ्ठा तारेला अडकवून आबा चहा प्यायला जायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी डाग पसरेपर्यंत त्याने बसायचंच, कारण पसरलेला डाग बघूनच आबा इंजिनची तब्येत सांगायचे.

मूळचे धुळ्याकडचे, पण गॅरेज जळगावात. हायवेच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली. जळगावात तीस वर्षं काढूनही बोलणं धुळ्याचंच राहिलं. मी शाळेत गणित शिकवायचो आणि माझी गाडी अडीच लाख किलोमीटर पळालेली, त्यामुळे आमची भेट वारंवार व्हायची. कोणतं तेल टाकू, असा सरळ प्रश्न विचारला की आबा उलटे चार प्रश्न विचारायचे. धूर कोणत्या रंगाचा? सकाळी निघतो की चढावर? महिन्याला तेल किती कमी होतं? डब्यावर चित्र कसलं आहे, हे तेवढं त्यांनी कधी विचारलं नाही.

गाडी म्हातारी झाली की जाड तेल टाकायचं, असा आपल्याकडे सगळ्यांचा समज. माझाही होता. आबा त्यावर म्हणायचे, "म्हातारा माणूसले जाडी गोधडी द्या, सर, जाडं रगत देऊ नका." पुस्तकात लिहिलंय तेच तेल टाका, फक्त लवकर बदला, हा त्यांचा नियम. गाडी खरोखर तेल पीत असेल तरच थोडं जाड. "एक पायरी चढा. धाबावर उडी नका मारू." धाबं म्हणजे घराचं छत. हे ते इतक्यांदा सांगायचे, की गिऱ्हाइकं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची. मीही स्टाफरूममध्ये करायचो आणि लोक हसायचे.

ती गाडी मी विकायला काढली तेव्हा दिवाळी झाली होती. बोदवडचा एक माणूस दुपारी गाडी बघायला येणार होता. मीच त्याला गॅरेजचा पत्ता दिला होता, कारण आबांच्या हातची गाडी म्हटलं की लोक फार खोलात जात नसत. सकाळी गाडी सुरू केली तर आतून टकटक ऐकू येऊ लागली. आबांनी थेंब पुठ्ठ्यावर सोडला आणि पुठ्ठा उन्हात तिरका धरला. काळ्या डागात बारीक पिवळसर कण चमकत होते.

"हाई सोनं नही, सर. बेअरिंगना चुरा शे."

इंजिन खोलायला आठ दिवस लागले असते. गिऱ्हाईक दोन तासांवर आलं होतं. मी म्हणालो, आबा, एकदम जाड तेल टाका, आजचा दिवस आवाज दबू द्या.

"तेल आवाज दाबाकरता नही ऱ्हास. इंजिन बोली ऱ्हायनं, ते आयकी ल्या."

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. त्यांच्या मुलीला, वैशालीला, मी दहावीचं गणित वर्षभर घरी बोलावून शिकवलं होतं. फी घेतली नव्हती. आबा ती गोष्ट कधी विसरले नव्हते; दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिल्यांदा माझ्याकडे यायचे. त्या सकाळी मी म्हणालो, "आबा, वैशालीच्या वेळी मी कधी नाही म्हटलं होतं का?"

आबा आत गेले. कपाटातून सगळ्यात जाड तेलाचा डबा काढला, जुनं तेल सोडलं, नवं भरलं. टकटक थांबली.

बोदवडचा माणूस साधा होता. बोनेटला कान लावून त्याने इंजिन ऐकलं आणि खूश झाला. "आवाज तं काहीच नाही. माही माय हार्टची पेशंट हाये, सर. दर महिन्याला जळगावला आनावं लागते. बसमधी तिले सोसत नाही." मग त्याने आबांना विचारलं, "भाऊ, गाडी बरी हाये ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाव्या हातात खेळवत उभा होतो.

"चालस," ते म्हणाले.

तो पैसे देऊन गाडी घेऊन गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, "त्यानी माय बसनार शे त्या गाडीमा." मी म्हणालो, दोन-चार महिने काही होत नाही. गाडीतलं मला काय कळत होतं? पण त्या वेळी मी अगदी जाणकारासारखं बोललो.

जानेवारीत त्या माणसाचा फोन आला. पहाटे आईच्या छातीत दुखायला लागलं, थंडीत गाडी काढली, आणि भुसावळच्या अलीकडे इंजिन जागच्या जागी जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत आई गेली. तो भांडायला फोन करत नव्हता. "तुमच्याजवळ व्हती तवा कधी झाली व्हती का अशी?" एवढंच त्याला हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

संध्याकाळी मी आबांना सांगितलं. हातातला पाना खाली ठेवून ते बराच वेळ साबणाने हात धूत राहिले. "सकाळले चाला, सर. दोन्ही जन जाऊत." मी म्हणालो, दहावीची पूर्वपरीक्षा चालू आहे. ती खरंच चालू होती, पण रजाही मिळाली असती.

ते एकटे गेले. परतल्यावर मी विचारलं, काय म्हणाला तो?

"मी बठ्ठं सांगं. त्यानी मले चहा पाजा."

"सगळं सांगितलंत? आणि?"

"अनी काहीच नही."

त्यानंतर आबांनी तारेवरचे पुठ्ठे उतरवले. गाडी आली की पहिला प्रश्न बदलला: इकानी शे का वापरानी? विकायची असेल तर हात लावायचे नाहीत. माझी नवी गाडी घेऊन गेलो तर म्हणाले, "तुमनी गाडी नवी शे, कंपनीमा ली जा." आवाजात राग नव्हता. चहासुद्धा मागवला. पण पुढच्या दसऱ्याला ते आले नाहीत. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

दोन वर्षांनी काविळीने आबा गेले. दशक्रियेनंतर वैशाली घरी आली. "हा तुम्हाला द्यायला सांगितला होता. तुमच्या गाडीचा आहे," म्हणत तिने पिशवीतून एक पुठ्ठा काढला. तिने तो वाचला होता की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही.

डाग वाळून तपकिरी झाला आहे. उन्हात धरला की कण अजून दिसतात. खाली नंबर, तारीख, किलोमीटर, आणि आबांच्या वाकड्या अक्षरात तीन ओळी: बेअरिंग गेले आहे. जाड तेल टाकून आवाज दाबला. मी टाकले.

कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलेलं नाही. बोदवडला सांगितलं त्यातही माझं नाव नसणार. नाहीतर त्या माणसाने मला पुढच्या संक्रांतीला शुभेच्छा पाठवल्या नसत्या.

गेल्या रविवारी मी त्या तीन ओळींच्या खाली माझं नाव लिहिलं. बोदवड रेल्वेने तासाभरावर आहे. परीक्षाही आता नाहीत, मी निवृत्त झालो. पुठ्ठा पिशवीत घालून दोनदा स्टेशनवर गेलो आणि दोनदा घरी आलो.