कारभारीच्या सरळ ओळी

गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या माडीवर सुनीलसरांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. दोन हजार चार साली वणीकडचा कारभारी गांगुर्डे तिथे कामाला लागला आणि त्याच्या वाट्याला स्टाइलशीट आली.

वेबसाइटवर रंग कुठला, अक्षर केवढं, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे सगळं त्या फाइलीत लिहिलेलं असतं. पडद्यामागची सगळी मांडामांड म्हणा ना! पण इथे एकाच ओळीत दहा सूचना कोंबलेल्या, कंस उघडला कुठे नि मिटला कुठे, पत्ता नाही. कारभारी एडिटर उघडून एकेक सूचना सुटी करी, टॅब मारून आत सरकवी, वर लिहून ठेवी, हा भाग कशाचा.

"काय रे, कांदे लावतोस का?" सर मागून येत. "लय सरळ वाफे पाडलेस!"

सगळं ऑफिस खिदळे. शेजारची तृप्ती तो डबा धुवायला गेला की मधेच सुट्या केलेल्या ओळी पुन्हा एकीत कोंबून ठेवी आणि परत आल्यावर त्याचा चेहरा बघे. कारभारी पुन्हा लावायला बसे.

कारण सरांनी शब्द दिला होता, "सगळ्या साइट्स अशा नीट कर, दिवाळीला पक्का करतो." आणि ज्या सविताशी त्याचं लग्न जुळत होतं तिच्या वडिलांनी, निवृत्तीतात्यांनी, अट घातली होती, नोकरी पक्की झाली तरच सुपारी फोडू. मुलीकडच्यांनी नोकरी डोळ्यांनी बघायची, ही तर रीतच. शेवटची फाइल हातावेगळी होईल त्या शनिवारी त्याने तात्यांना ऑफिसातच बोलावलं.

शनिवारी सरांनी सगळ्यांसमोर कारभारीच्या संगणकावर त्या शेवटच्या फाइलीचं पान खाली सरकवत नेलं.

"वा! तृप्ती, तुला कळतंय का हे?"

"अगदी शेंबड्या पोरालाही कळेल, सर."

"झालं तर मग. कारभारी, सोमवारपासून येऊ नकोस."

"सर, पक्कं करणार होतात ना..."

"अरे, तुझ्यावाचून अडत होतं तेव्हा म्हणालो होतो. आता तूच तर अडायचं काही ठेवलं नाहीस!"

एकच हशा पिकला.

तेवढ्यात दारात धोतर, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला.

"आमचे कारभारी हितंच कामाला हायेत ना, सायेब?"

सर खुर्चीतून गोड हसले. "होते, काका. आत्ताआत्तापर्यंत होते."

तृप्तीने तोंडावर रुमाल धरला. तात्यांनी एकदा कारभारीकडे पाहिलं, पुडा पिशवीत सारला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरले. जाताना त्याला "चल" म्हणाले नाहीत.