किल्ल्याच्या दारातून दिसलेला किनारा

छायाचित्राच्या काचेवर दृश्य उमटते, पण ते पाहताना आपल्याला जे वाटले ते आपोआप कागदावर उतरत नाही. ते छापताना आणावे लागते. हे कळण्यासाठी मला अलिबागच्या शाळेतल्या मास्तरकीची चार वर्षे आणि एक चुकलेले त्रैराशिक खर्ची घालावे लागले.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. माझी पत्नी साताऱ्याकडची. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की ती म्हणे, “बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.” मी नकाशा उघडून पेण-खोपोलीवरून घाटावर जाणारी वाट बोटाने दाखवी. वाट आहे, म्हणजे आपण अडकलेलो नाही, असे माझे म्हणणे. ती नकाशाची घडी घालून मला परत देई. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिला माहेरी जायचे होते. चार वर्षांत जाणे झाले नव्हते. मला मात्र त्याच सुट्टीत मुंबईच्या एका प्रदर्शनासाठी चित्र घेऊन जायचे होते.

त्या चित्रासाठी मी भाद्रपद वद्य चतुर्थीला कॅमेरा घेऊन, ओहोटीत पायी समुद्रातल्या किल्ल्यात गेलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. सहा तासांत पाणी पूर्ण चढते, तर दोन तासांत एक तृतीयांश चढेल, आणि तेवढ्यात गुडघाभर पाण्यातून परतता येईल, असे मी गणित मांडले. ढग सरकण्याची वाट पाहत आत रेंगाळलो. अकरा वाजून गेल्यावर दारात आलो, तेव्हा किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या खोलगट भागात लाटा दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकींना भिडत होत्या.

पुढचे पाच तास मी त्या दारात काढले. समोर आमच्या घरामागची नारळाची झाडे दिसत होती. कोणीतरी वाळत घातलेली जाळी गोळा करीत होते. मी हात हलवला. त्या माणसानेही आपुलकीने हात हलवला आणि तो निघून गेला. कॅमेऱ्याची एक काच उरली होती. पाणी पायऱ्यांना लागले तेव्हा दारातून दिसणाऱ्या किनाऱ्यावर ती मी खर्च केली.

चारच्या पुढे एका कोळ्याने मला होडीत घेतले. माझे गणित ऐकून तो म्हणाला, “मास्तर, पानी काय तुमच्या शालंत शिकलंय व्हय? पयलं धिम्यानं येतं, मंग धावतं. आन् मधला खड्डा तर सगल्यांच्या आधी भरतो.”

आठवड्याने काचेखाली कागद ठेवून अंगणात उन्हावर प्रत छापली. काचेवर दाराचा भाग पातळ होता, म्हणून तो कागदावर लवकर काळवंडे. दगडांचे सांधे मोजता यावेत, यासाठी तिथले ऊन अडवायला मी त्यावर कापूस धरला. सगळे वाचता आले पाहिजे, ही फळ्यावर लिहिणाऱ्याची सवय. प्रत सुरेख आली. पत्नीने ती पाहिली.

“छान आहे. सहलीला गेल्यासारखं.”

“मी अडकलो होतो तिथं.”

“असाल. यात तर तुम्ही केव्हाही चालत घरी याल असं वाटतं.”

मला राग आला. पण तिने नेमकी चूक दाखवली होती. मी ज्या दारात उभा होतो, त्यातले दगड मी त्या दिवशी पाहिलेच नव्हते. पाहिला होता तो फक्त किनारा.

दुसऱ्या वेळी कापूस ठेवला नाही. दार पुरते काळे होऊ दिले. पाण्यावर आणि आभाळावर ऊन जास्त वेळ घेतले, म्हणजे ती दोन्ही जड झाली. किनाऱ्यावर मात्र पुठ्ठ्याची बोटभर पट्टी धरली आणि तिची कड उमटू नये म्हणून ती सतत हलवत राहिलो. हात भरून आला. किनारा फिकट राहिला, स्पष्ट आणि फार लांबचा. चित्र टिकावे म्हणून सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात, मग हायपोत धुऊन प्रत वाळवली आणि तिच्यासमोर ठेवली.

ती निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून बराच वेळ पाहत राहिली.

“किती तास होता तिथं?”

“पाच.”

“पाच तासांत एवढं काळं दिसायला लागलं तुम्हाला?”

मी प्रतीची वळलेली कड बोटाने सरळ करू लागलो.

“हे मुंबईला न्यायचंय ना?”

“काच आहे. आणखी प्रत काढता येईल.”

“मग ही मला द्या. आईला दाखवीन. मी कुठं राहते, ते पत्रात लिहायला जमत नाही मला.”

मुंबईला न्यायची प्रत मी काढली नाही. दिवाळीत आम्ही पेणवरून घाट चढलो. माझ्या नकाशातली वाट तिला चौथ्या वर्षी उपयोगी पडली. सासूबाईंनी चित्र खिडकीशी नेऊन निरखले, आणि लेकीला विचारले, “एवढ्या अंधारात राहतेस गं?”

उत्तर द्यायचे काम तिने माझ्यावर सोडले.