पेशंट असला की बंद पडणारी गाडी

"रिपोर्टमध्ये ड्रायव्हरची चूक लिहा आणि ईसीयू बदलून टाका," सुपरवायझर म्हणाला. मी अजून गाडीचं बॉनेटही उघडलं नव्हतं.

नगरच्या एका वर्कशॉपमध्ये मी गाड्यांमधले इलेक्ट्रॉनिक दोष शोधते. ही अँब्युलन्स एका कंत्राटदाराची, आणि सुपरवायझर त्याचाच माणूस. घोडेगावच्या बाजाराजवळ ती भर रस्त्यात बंद पडली होती. आत बाळंतपणाला निघालेली बाई होती. तिला उचलून टेम्पोत न्यावं लागलं. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. पण जमलेल्या लोकांनी ड्रायव्हर बशीरभाईंना मारलं, आणि हाच मुद्दाम वायर काढतो असं म्हणत कंत्राटदाराने त्यांना घरी बसवलं.

बशीरभाई गेटबाहेर उभे होते. मी त्यांना आत बोलावलं.

"त्याला काय विचारताय?" सुपरवायझर म्हणाला.

"गाडी ते चालवतात म्हणून."

"रिकामी लई झकास पळती, ताई," बशीरभाई म्हणाले. "पेशंट घेतला का मीटरवरचे सगळे दिवे लागत्यात आन् इंजिन गप. जरा थांबलं का परत चालू हुतं."

"गाडीला पेशंट कळतो म्हणे," सुपरवायझर हसला. मला हसू आलं नाही.

आजच्या गाडीत अनेक छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनचा वेगळा, त्यालाच ईसीयू म्हणतात. ब्रेकचा वेगळा, मीटरचा वेगळा. एकत्र पिळलेल्या दोन वायरींवरून ते सतत एकमेकांशी बोलतात. लॅपटॉप जोडला तर ब्रेक आणि मीटर दोघांची तक्रार एकच: ईसीयू मधूनच उत्तर द्यायचा थांबतो. दोन्ही वायरी तपासल्या, चांगल्या होत्या. ईसीयू तर आमच्याच वर्कशॉपने आधी दोनदा बदलला होता. म्हणजे त्याला वीजच नीट मिळत नसणार. पण यार्डात कितीही वेळ चालू ठेवली तरी गाडी बंद पडेना.

"बशीरभाई, पेशंट असताना काय काय लावता?"

"सायरन, वरचा दिवा, मागचा पंखा."

"लावा सगळं."

सायरन वाजला आणि इंजिन बंद पडलं.

ईसीयूची अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वायर, बॉडीवरच्या एका बोल्टला असते. कंत्राटदाराने बोलावलेल्या सायरन बसवणाऱ्याने आपली जाड वायर त्याच बोल्टखाली कोंबली होती, तीही रंग न खरवडता. रंगामुळे सायरनचा करंट तिथे अडला की ईसीयू गप्प व्हायचा. आमच्याकडे दोन वेळा येऊनही या गाडीचा सायरन कोणी लावून पाहिला नव्हता. कारण विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, "कान किटतात, मॅडम." त्यापायी एक माणूस रस्त्यात मार खाऊन आला होता.

रंग खरवडून बोल्ट घट्ट केला, सायरनची वायर थेट बॅटरीला नेली. मग सायरन वाजवत शिंगणापूर फाट्यापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडली नाही.

"सायरनचं नाव घेऊ नका. लूज कनेक्शन लिहा," सुपरवायझर म्हणाला.

"कोणी लूज केलं असं विचारतील."

"ड्रायव्हरच हात लावतो की सगळीकडं."

मी लिहिलं: सायरन चुकीच्या जागी जोडला, ड्रायव्हरचा संबंध नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

बशीरभाई कामावर परतले. माफी कोणी मागितली नाही. "उद्यापासून ये" एवढाच फोन आला. मी तेव्हापासून अँब्युलन्स सायरन लावल्याशिवाय तपासत नाही. त्या कंत्राटदाराच्या बाकीच्या गाड्यांना सायरन त्याच माणसाने बसवलेत. त्याही तपासायला पाठवा, असं मी सुपरवायझरला सांगितलं.

"बंद पडल्या की पाठवतो," तो म्हणाला.