वाळवलेली स्लरी

आमच्या आईचा कुणावर चटकन विश्वास बसायचा नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दूधवाला आला की ती आधी नखावर दुधाचा थेंब घेऊन बघायची, मगच पातेलं पुढे करायची. मी तिचीच मुलगी, त्यामुळे पुढचं सगळं मीही संशयानेच पाहिलं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. फरीदाबादच्या आसपासच्या गावांत फिरून शेतकऱ्यांना गोबरगॅस लावायला पटवायचं, हे त्यांचं काम. गॅसवर शेगडी पेटलेली लोकांना दिसायची. पण टाकीतून बाहेर येणारी शेणाची पातळ स्लरी खत म्हणून शेतात घालायला कुणी धजत नव्हतं. घरातल्या बाईलाच पटत नसेल तर परक्यांना काय पटणार, असं वाटून बाबा एका रविवारी डबाभर स्लरी घरी घेऊन आले.

आईने नाकाला पदर लावला. गॅस काढून घेतल्यावर यात कस कुठला उरणार, हा तिचा पहिला प्रश्न. बाबांनी समजावलं की जळतो तो वायू वेगळा. पिकाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश सगळं आतच राहतं. आईने डबा हलवून पाहिला.

"यात नक्की पाणी घातलंय," ती म्हणाली.

सोमवारी बाबा ऑफिसला गेल्यावर तिने ती स्लरी मागच्या अंगणात जुन्या पत्र्यावर पसरली. पाणी उडालं की खरा माल किती ते कळेल, असा तिचा हिशेब. उन्हात चांगली खडखडीत वाळल्यावर तिने ती चुरून मेथीच्या अर्ध्या वाफ्यात घातली. उरलेल्या अर्ध्यात नेहमीचं शेणखत.

मग घरात पाळत सुरू झाली. आई स्लरीच्या बाजूला पाणी द्यायला मुद्दाम विसरते की काय, म्हणून बाबा मातीत बोट खुपसून ओल बघायचे. बाबा गुपचूप युरिया टाकत नाहीत ना, म्हणून आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवायची. मला दोघांचाही भरवसा वाटत नव्हता.

स्लरीकडची मेथी पिवळी पडली. ते बाबांना फार लागलं. पत्र्यावर चिकटून राहिलेला चुरा खरवडून ते प्रयोगशाळेतल्या मित्राकडे घेऊन गेले. परत आले ते खुशीत.

"तू वाळवलीस ना? तिथेच घात झाला. नाकाला झोंबत होता तो अमोनिया, म्हणजे नत्रच. उन्हात उडून गेलं. ओलीच घालायला हवी होती."

आईने शांतपणे विचारलं, "अहो, मग गावात तुम्ही काय सांगता?"

बाबांचा चेहरा उतरला. पातळ स्लरी बैलगाडीतून नेता येत नाही, म्हणून गावोगाव ते हेच सांगत आले होते: खड्ड्यात सोडा, वाळवा, मग शेतात न्या. काहींनी त्यांच्या शब्दावर खड्डे खणलेही होते. मला बाबांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या जीपची वाट न बघता बसने फरीदाबादकडच्या गावांत गेले, आता ओलीच घाला हे सांगायला. संध्याकाळी परतले तेव्हा चपलांना वाळलेला चिखल होता. लोकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, एवढंच त्यांनी सांगितलं.

"विश्वास बसला का त्यांचा?" आईने विचारलं.

"मागच्या वेळी बसला होता," बाबा म्हणाले.