कच्च्या टाक्याची झालर

रोहिणखेडच्या सिंधूताईंनी चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे कपडे शिवले आणि उन्हाळ्यात पोरींना विहिरीत पोहायलाही शिकवलं. त्यांच्या आईच्या वेळी बायका लुगड्याचा काष्टा वर खोचून, मांड्या उघड्या टाकून उड्या मारायच्या. वाटेनं जाणारा पुरुष खाकरायचा आणि पुढे जायचा. सिंधूताईंच्या वेळी परकर छातीशी बांधायची पद्धत आली. मग पंजाबी ड्रेस आला, तोही ओढणीसकट. कापड वाढत गेलं आणि पोहणाऱ्या कमी होत गेल्या. त्यांची मैत्रीण कोकिळा पाचवारी नेसून विहिरीत उतरली होती. साडी पायांत गुंडाळली गेली आणि ती तळाशीच राहिली. तेव्हापासून ओलं कापड हातात आलं की सिंधूताई आधी त्याचं वजन बघतात.

यंदा शेजारच्या भागवतच्या प्राचीची पोहण्याच्या विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. शाळेकडून पोहण्याचा पोशाख आला. भागवत तो दोन बोटांत धरून सिंधूताईंकडे घेऊन आला.

"ताई, हा काय कपडा हाये? याले गुडघ्यापर्यंत झालर लावून द्या. नाही तं पोरगी जात नाही."

"भागवत, तुह्या आजीच्या मांड्या साऱ्या गावानं पाह्यल्या. कोणाचे डोळे फुटले?"

"तवा मोबाईल होते काय?"

सिंधूताईंनी पोशाख ठेवून घेतला. नाही म्हटलं असतं, तर प्राचीचं पोहणं तिथंच संपलं असतं. त्यांनी झालर लावली, पण कच्च्या टाक्यानं, माप बघण्यापुरता घालतात तसा. प्राचीला एकटीला गाठून सांगितलं, "पायात आली का एक हिसका दे. सुटून जाईन."

रविवारी दुपारी प्राचीची आई पुष्पांजली वाटीभर जवसाची चटणी घेऊन आली.

"ताई, नजर कमी झाली वाट्टे तुमची. झालरीचे टाके कच्चेच राह्यले होते. म्या मशीनवर दोनदा टीप मारली, नायलॉनच्या दोऱ्यानं. आता काही निघत नाही."

"प्राचीले सांगितलं?"

"तिले काय सांगाचं? बापासंगं गेली ना शेततळ्यावर, सरावाले."

सिंधूताई उठल्या. त्या शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद आहे. शेवाळानं उतार बुळबुळीत झालाय, आणि वर यायला एकच दोर. त्या अनवाणीच पळत सुटल्या. पुष्पांजली मागून विचारत राहिली, "काऊन ताई? काय झालं?"

बांधावर भागवत पाण्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभा होता.

"हळू या, ताई. कोणी इकडं येऊ नाही म्हणून उभा हावो. वयात आलेली पोर, आपण तरी कसं पाहावं?"

त्याच्या मागे, दोरापासून हातभर अंतरावर, प्राचीची बोटं कागदावरून घसरत होती. झालर गुडघ्यांभोवती आवळली होती. दुसऱ्या हातानं ती झालरीला हिसके देत होती, पुन्हा पुन्हा. तोंड पाण्याखाली जात होतं, आवाज निघत नव्हता.

"भागवत, मांगं पाह्य!" सिंधूताई उतारावरून घसरत खाली निघाल्या.

तो वळला नाही. मान खाली घालून त्यानं आधी विचारलं, "तिच्या अंगावर टावेल हाये ना?"