देवाला सांगितलेला कट-ऑफ

आता काय सांगू तुम्हाला, देवाकडे कसं मागावं हे शाळेतच शिकवायला हवं. मला कुणी शिकवलं नाही, आणि त्यापायी माझी जी शोभा झाली ती आमच्या वाडीत अजून चवीने सांगतात. तुम्ही ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या, म्हणजे हसताना निदान बशीआड तोंड लपवता येईल.

मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला आहे. परचेस म्हणजे खरेदी खातं. आमच्याकडे नुसतं 'बोल्ट पाठवा' म्हणून चालत नाही. लांबी, जाडी, आटे, लोखंड कुठलं, सगळं लिहून द्यावं लागतं. नाहीतर समोरचा काय वाट्टेल ते पाठवतो आणि वर म्हणतो, मॅडम, तुम्ही सांगितलंच नव्हतं! इतकी वर्षं हेच केल्यावर ती सवय अंगात मुरते हो. घरात मी नवऱ्याला कोथिंबीर आणायला सांगितली तरी जुडीची उंची सांगते. तो आता बोटीवर असतो. लोक म्हणतात पगारासाठी गेला. असेलही.

राहिली आमची तन्वी. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणजे नीटची परीक्षा आली. सातशे वीस मार्कांची. पहिल्या खेपेला पोरगी थोडक्यात हुकली आणि एक वर्ष ड्रॉप घेऊन परत बसली. सरकारी कॉलेजात सीट मिळाली तर डॉक्टर, नाहीतर नाही, कारण खाजगी कॉलेज आमच्या आवाक्याबाहेरचं. आणि सरकारीतसुद्धा माझ्या मनात एकच होतं, आपलं रत्नागिरीचं. घरून जाईल, दुपारी गरम जेवेल, माझ्या डोळ्यांसमोर राहील. आईला अजून काय हवं असतं?

त्या वर्षी मी काय काय केलं नाही! क्लासला स्कूटरवरून मी सोडायची, मीच आणायची. दुपारी कारखान्यातून सुटी काढून डबा पोचवायची. नुसता पोचवून यायची नाही, तो संपेपर्यंत जिन्यात उभी राहायची. सराव परीक्षेचे मार्क तन्वीच्या आधी मला कळायचे. क्लासच्या सरांनी शेवटी माझा फोन उचलणं सोडलं, तेव्हा मी ऑफिसच्या नंबरवरून करायला लागले. परीक्षेला अर्ध्या बाह्यांचे कपडे लागतात, कानात डूल चालत नाहीत, म्हणून मी घरात तिची रंगीत तालीम घेतली. दारात उभी राहून तिची झडती घेतली मी, खरंच!

"आई, परीक्षा मी देणार आहे ना?" तन्वी एकदा म्हणाली.

"हो, पण तयारी आपली दोघींची आहे," मी म्हटलं.

तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला गेलो. आमच्याकडे विहीर खणायची असो, मुलगा मुंबईला जायचा असो नाहीतर म्हैस आजारी असो, देवापुढे नारळ ठेवायचा. मग गुरव ते सगळं मोठ्याने देवाला सांगतो, आणि जमलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळ्यांची साक्ष झाली, काम देवाच्या खात्यात गेलं.

आमचे गुरव म्हणजे बाबूदादा. नारळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बोला वयनी, काय सांगू देवाला?"

"सांगा, तन्वीला नीटमध्ये पाचशे नव्वद मार्क पडू देत."

बाबूदादा थांबले. "आकडा?"

"हो. सातशे वीसपैकी पाचशे नव्वद."

"अवो, पोरीला यश दे म्हटला तरी देवाला समाजतंय."

"यश मोघम आहे, बाबूदादा. किती यश? पास होणं हेही यशच. मग नंतर कुणाला जाब विचारणार?"

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता बरं का! गेल्या वर्षी रत्नागिरीची यादी जिथे थांबली होती तो मार्क घेतला आणि वर थोडं सेफ्टी म्हणून टाकलं. पद्धतशीर काम! तन्वीने हळूच माझी ओढणी ओढली. "आई, मागायचंच तर सहाशे तीस तरी माग ना."

"गप. अति हाव बरी नाही. जेवढं लागतं तेवढंच मागावं."

बाबूदादांनी कपाळाला हात लावला, पण सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ही जी तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी उभी हायत, त्यातली तन्वी त्या नीट परीक्षेला बसतेय. तिला सातशे वीसपैकी पाचशे नव्वद मार्क पाडून दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग निकाल लागला. किती पडले असतील?

पाचशे नव्वद! एक कमी नाही, एक जास्त नाही!

मी अंगणात नाचले. लाज नाही, शरम नाही, हात वर करून नाचले. वाडीत घराघरात मी स्वतः मोजून पेढे वाटले. नवऱ्याने बोटीवर सगळ्यांना बिर्याणी घातली, आणि त्यांच्या कॅप्टनने लगेच आपल्या गुडघ्याचा एक्स-रे तन्वीला पाठवून दिला. बाबूदादांकडे तर रांग लागली. एकजण दहावीला पासष्ट टक्के मागून गेला. एकीने सुनेच्या डाळीतलं मीठ कमी व्हावं म्हणून सांगितलं, आणि किती कमी तेही चमच्यात सांगितलं! आणि मी? मी देवळाच्या पायरीवर बसून बायकांना शिकवत होते, "अगं, देवाला स्पष्ट सांगावं लागतं. आपणच धड सांगत नाही आणि मग देवाला नावं ठेवतो."

तेवढ्यात क्लासच्या सरांचा फोन आला. स्वतःहून! तिथेच मला कळायला हवं होतं.

"मॅडम, अभिनंदन. पण एक सांगू का? यंदा पेपर सोपा होता. सगळ्यांचेच मार्क वाढलेत. गेल्या वर्षीचा कट-ऑफ आता विसरा."

"म्हणजे पाचशे नव्वदला..."

"सरकारी सीटच्या काठावर आहे. म्हणजे, तसं काठाच्या थोडं बाहेरच."

भांडायचं कुणाशी? माल ऑर्डरप्रमाणे आला होता, वेळेत आला होता, एक आटा इकडचा तिकडे नव्हता. ऑर्डरच जुन्या ड्रॉइंगवरून दिलेली! कारखान्यात असं कुणी केलं की मी त्याला चार लोकांत झाडते. आता मला कोण झाडणार? तन्वी झाडेल असं वाटलं, पण ती नुसती पुस्तकांची खोकी बघत बसली, परत उघडावी लागतात की काय म्हणून. ते बघून मला इतकं वाईट वाटलं ना, की त्या दिवशी मी तिला जेवतेस का असंही विचारलं नाही. पोरीचं आणखी एक वर्ष माझ्या शहाणपणाने जाणार होतं.

पण मी गप्प बसणारी आहे का? दुसरा नारळ घेतला आणि देवळात गेले.

"बाबूदादा, मार्क आता वाढत नाहीत. तर देवाला सांगा, कट-ऑफ खाली आण."

"ता कसा आनायचा?"

"सोपं आहे. तन्वीच्या वर जी मुलं आहेत ना, ती कमी झाली की यादी खाली सरकते."

बाबूदादांच्या हातातला नारळ खाली आला. "कमी झाली मंजे? काय आजारी पाडायची पोरांना?"

"छे छे! भलतंच काय! त्यांचं चांगलंच होऊ दे. त्यांना दिल्लीबिल्लीला मोठी कॉलेजं मिळू देत. ती जातील तिकडे आणि इकडच्या जागा सुटतील."

हे ऐकून खांबाला टेकून बसलेले विष्णूनाना उठले. आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले, आवाज अजून घंटी मारल्यासारखा. "थांबा वयनी! माझा लांज्याचा नातू तुमच्या तन्वीच्या वर हाय. त्याला कशाला दिल्लीला धाडताव? त्याची आय रडून मरंल!"

"बरं, मग लांज्याचा ओंकार सोडून."

"माझी भाची पण वर आहे गं," मागून कुणीतरी म्हणालं. "तिला थंडी सोसत नाही. दिल्ली नको."

"बरं, ओंकार आणि भाची सोडून."

"पूर्णगडच्या आमच्या विहीणबाईंची मुलगी..."

"तीही सोडा!"

अहो, देवळात जेवढी माणसं, तेवढ्या सगळ्यांचं कुणी ना कुणी तन्वीच्या वर! मला माहीतच नव्हतं की आमच्या वाडीच्या नात्यात इतकी हुशारी भरलीय. बाबूदादा बोटांवर नावं मोजत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले, देवाला नाही, मला.

"वयनी, आता धाडायला वर कोन उरलाच नाय. गाऱ्हानं कुनाचं घालू?"

सगळं देऊळ हसलं. मी नारळ तसाच घेऊन घरी आले आणि त्याची चटणी केली.

प्रवेशाची पहिली फेरी झाली. तन्वीचं नाव नाही. दुसरी झाली. नाही. ओंकारला रत्नागिरी मिळालं. विष्णूनाना पेढे घेऊन आले आणि दारातच घुटमळले, द्यावे की नाही म्हणून. मी पेढा घेतला, खाल्ला, आणि आत जाऊन रडले. तन्वी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. उलटं व्हायला हवं होतं ना? पण ती शांत होती.

"आई, अजून तिसरी फेरी आहे. एकदा देवळात जाऊया. पण या वेळी तू काही बोलायचं नाहीस."

"एक शब्द बोलणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ. तूच माग."

संध्याकाळी गेलो. विष्णूनाना होते, बायकाही होत्या, सगळ्यांना आता यात रस आला होता. बाबूदादांनी सवयीने माझ्याकडे बघितलं, तर मी तोंडावर बोट ठेवलं. इतका जोर लावून मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते हो! तन्वी डोळे मिटून उभी राहिली, मनात बराच वेळ काहीतरी म्हणाली आणि बाबूदादांना म्हणाली, "दादा, तुम्ही एवढंच सांगा, मी मनात धरलंय ते होऊ दे."

काय शहाणी पोर! ना आकडा, ना अटी! माझा ऊर भरून आला. बाबूदादांनी खणखणीत आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! या पोरीनं जा काय मनात धरलंय, ता तसाच्या तसा पुरा कर रं म्हाराजा!"

मी बोलणार नाही असं ठरलं होतं, पण होकार द्यायला काय हरकत? मी पोटातून, घंटा हलेल अशी ओरडले, "व्हय म्हाराजा!" बाकीचे माझ्या मागून म्हणाले.

तिसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आतून किंकाळी आली. "आई! लागली! एमबीबीएस! सरकारी!"

सूप कुठे, मी कुठे! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, हसलो, पुन्हा रडलो. शेवटी पदराने, म्हणजे ओढणीने, नाक पुसत मी विचारलं, "कुठलं गं कॉलेज? रत्नागिरीच ना?"

"गोंदिया!"

गोंदिया! अर्जात सगळी सरकारी कॉलेजं भरली होती खरी, पण यादी तिथवर जाईल असं कुणाला वाटलं होतं? मी भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. आपण इकडे समुद्राला टेकलेलो, आणि गोंदिया पार तिकडे, अजून थोडं पुढे सरकलं असतं तर महाराष्ट्राबाहेर पडलं असतं. आणि ही? ही खोलीभर नाचतेय! एवढं काय गोंदियाचं कौतुक?

लगेच नारळ घेऊन आम्ही देवाचे आभार मानायला गेलो. विष्णूनाना, बायका, सगळे जमले. मी बाबूदादांना म्हटलं, "देवाने ऐकलं हो, पण गाव तेवढं चुकलं त्याचं. बिचारीने रत्नागिरी मागितलं असणार."

तन्वी एकदम देवळाच्या छपराकडे बघायला लागली.

"तन्वी? काय धरलं होतंस तू मनात?"

"रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"सरकारी कॉलेज मिळू दे," ती म्हणाली, "आणि स्कूटरवरून डबा पोचणार नाही इतकं लांब मिळू दे."

देवळात असा हशा पिकला म्हणता! विष्णूनाना तर खांब धरून हसत होते. मी बाबूदादांवर घसरले, "आणि तुम्ही हे असलं गाऱ्हाणं देवाला घातलंत?"

"मी?" बाबूदादा म्हणाले. "मी नुसता म्हटला, पोरीच्या मनातला पुरा कर. त्यावर सगळ्यांच्या आदी, सगळ्यात मोठ्यानं, 'व्हय म्हाराजा' कोन वराडलं, ता सांगा बघू!"