पित्त नव्हतं ते

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात खाली माग चालतात, वर आम्ही राहतो. साड्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढले की छाती आवळून यायची. कळ अशी नाही, पण कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं जड. मग ते डाव्या जबड्यात चढायचं, दाढ ठणकावी तसं. पायरीवर टेकले की ओसरायचं.

“पित्त असंल,” सासूबाई म्हणाल्या आणि जिऱ्याचं पाणी देऊ लागल्या. मी पीत राहिले. पण उपास असो की जेवण झालेलं असो, ते यायचं जिन्यावरच. शेवटी एका सकाळी नवऱ्याला म्हटलं, “माग बंद करा. आपण हृदयाच्या डॉक्टरकडं जाऊया.”

डॉक्टरांनी आम्ही घरी बोलतो त्या कन्नडमध्येच सगळं विचारलं, समजावलंही. हृदयालाही रक्त लागतं. ते नेणारी नळी अरुंद झाली की कष्टाच्या वेळी पुरवठा कमी पडतो आणि छाती आवळते. यालाच अंजायना म्हणतात. त्यांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि जिभेखाली ठेवायची एक वेगळी. पुढच्या तपासण्या ठरल्या. निघताना म्हणाले, “बसल्या जागी दुखलं आणि या गोळीनं थांबलं नाही, तर कुणाचंही ऐकू नका. दवाखाना गाठा.”

तपासणीच्या आधीच सदलग्याला आक्काच्या नातवाचं बारसं आलं. पाळणा म्हणून झाला, पंगत बसली. मी भिंतीला टेकून गप्पा मारत होते, आणि ते आलं. जिना नव्हता, गठ्ठा नव्हता. पाठ घामानं भिजली. जिभेखाली गोळी ठेवून वाट पाहिली. आवळ सुटेना.

आक्का सोड्याची बाटली घेऊन आली. “जेवण जड झालंय गं. पी आणि पड जरा.”

“सोडा नको. गाडी काढायला सांग. चिकोडीच्या दवाखान्यात जायचंय.”

“आत्ता? पाव्हणं जेवायचं हाईत अजून. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत, आक्का. हे पित्त न्हाय.”

मला लई भीती वाटत होती. तरी तिची नजर सोडली नाही. दाजींनी चपला न घालताच गाडी दारात आणली.

चिकोडीत छातीचा ईसीजी काढला, लगेच इंजेक्शन दिलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सनं बेळगावला पाठवलं. तिथं नळीत स्टेंट बसवला. “वेळेत आलात,” एवढंच डॉक्टर म्हणाले. बाहेर नवरा भिंतीकडं तोंड करून रडत होता, असं आक्कानं मागाहून सांगितलं.

आता मी रोज चालते. परवा गल्लीतली एक बाई वाटेत थांबून म्हणाली, “चढ लागला की माझीबी छाती भरून येतीया. घरात कुणी मनावर घेत न्हाईत.” दुसऱ्या दिवशी मीच तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. घरच्यांना न विचारता नेलं म्हणून तिची सून माझ्याशी बोलत नाही. तिच्या तपासण्या चालू आहेत, आणि पुढच्या खेपेलाही मीच सोबत जाणार आहे.